हरिकेनमधील पडझड आणि तिचे पैशातील मोल : इमारतींच्या हानीच्या अंदाजपद्धतींची चिकित्सा

प्रस्तावना

२४ ऑगस्ट १९९२ रोजी पहाटे 'अँड्र्यू' नावाचे हरिकेन फ्लोरिडाच्या दक्षिण भागात होमस्टेड या गावाजवळ किनाऱ्यावर आदळले. अटलांटिक महासागरातील तीव्र चक्रीवादळास हरिकेन म्हणतात, हे सर्वपरिचित आहे. त्याच दिवशी कॅरेन क्लार्क यांनी १९८७ साली स्थापन केलेल्या अप्लाइड इन्शुरन्स रिसर्च या बोस्टनमधील लहानशा संस्थेने आपल्या ग्राहक कंपन्यांना फॅक्सने एक अंदाज कळविला. विम्याने भरून द्यावी लागणारी हानी तेरा अब्ज डॉलर्सच्या पुढे जाऊ शकते, असे त्यात म्हटले होते. विमा व्यवसायातील अनुभवी मंडळींनी या आकड्यावर विश्वास ठेवला नाही. त्यांच्या आठवणीतील सर्वांत खर्चिक वादळ १९८९ चे 'ह्यूगो' होते आणि त्याची विमित हानी चार अब्ज डॉलर्सच्या आसपास होती. प्रत्यक्षात 'अँड्र्यू'ची विमित हानी सुमारे साडेपंधरा अब्ज डॉलर्सवर गेली आणि अकरा विमा कंपन्या दिवाळखोरीत निघाल्या. त्या घटनेनंतर संगणकीय हानी-प्रतिमाने हा विमा व्यवसायाचा कणा बनला. आज अमेरिकेतील किनारपट्टीवर घराचा विमा हप्ता किती असावा, पुनर्विम्याची किंमत काय असावी, शासनाने आपत्ती निधीत किती रक्कम राखून ठेवावी, या साऱ्या प्रश्नांची उत्तरे अशा प्रतिमानांच्या आधारे दिली जातात.

प्रस्तुत लेखात या अंदाजपद्धतींची चिकित्सा करण्याचा प्रयत्न केला आहे. विवेचनासाठी प्रामुख्याने दोन प्रतिमाने घेतली आहेत. पहिले, अमेरिकेच्या संघराज्य आपत्ती व्यवस्थापन संस्थेचे, म्हणजे 'फेमा'चे, 'हॅझस'; आणि दुसरे, फ्लोरिडा आंतरराष्ट्रीय विद्यापीठाच्या नेतृत्वाखाली विकसित झालेले फ्लोरिडाचे सार्वजनिक हरिकेन हानी-प्रतिमान. या दोहोंची कार्यपद्धती प्रकाशित असल्याने त्यांची चिकित्सा शक्य आहे. खाजगी प्रतिमानांबाबत ही सोय नाही. मराठीत आपण 'पडझड' आणि 'नुकसान' असे दोन शब्द वापरतो. छप्पर उडाले, भिंत खचली ही पडझड होय. तिच्यामुळे कोणाला, किती रकमेची तूट सोसावी लागली हे नुकसान होय. ही प्रतिमाने पडझडीचे गणित मोठ्या कौशल्याने मांडतात. नुकसानीचे गणित मात्र त्यांनी स्वतः मांडलेले नसून विमापत्राकडून उसने घेतलेले असते, असे प्रस्तुत लेखकाचे मत आहे.

वाऱ्यापासून पडझडीपर्यंत

प्रथम या पद्धतीचे श्रेय तिला दिले पाहिजे. ट्रॅव्हलर्स या विमा कंपनीतील डॉन फ्रीडमन यांनी १९६० च्या दशकापासून संगणकाच्या साहाय्याने वादळांचे अनुकरण करण्याचे प्रयोग केले होते. मागील वर्षांच्या दाव्यांची सरासरी काढून पुढील वर्षाचा अंदाज बांधण्याची रीत वादळांच्या बाबतीत निरुपयोगी आहे, हे त्यामागचे मूळ सूत्र होते. एखाद्या गावावर तीव्र वादळ पन्नास वर्षांत एकदा येते. तेवढ्या काळात ते गाव पूर्णपणे बदललेले असते. म्हणून भूतकाळातील दाव्यांऐवजी भूतकाळातील वादळे घ्यावीत, त्यांच्या सांख्यिकीय गुणधर्मांवरून हजारो काल्पनिक वादळे निर्माण करावीत आणि ती आजच्या वस्तीवरून फिरवावीत. पिएल्के आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २००८ साली १९२६ च्या मायामी हरिकेनची हानी २००५ ची लोकसंख्या, संपत्ती व किमती गृहीत धरून मांडली, तेव्हा ती १४० ते १५७ अब्ज डॉलर्सच्या घरात आली. वादळ जुनेच होते. त्याच्या वाटेत उभी राहिलेली घरे नवी होती.

यानंतरचा टप्पा स्थापत्य अभियंत्यांचा आहे आणि या प्रतिमानांचा सर्वांत समृद्ध भाग तोच होय. वाऱ्याचा दाब वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो; परंतु हानी त्याहून कितीतरी अधिक वेगाने वाढते. याचे कारण घराच्या बांधणीत आहे. वारा छपरावरून जाताना ते खाली दाबत नाही, तर वर ओढतो. ही ओढ छपराच्या कडांशी आणि आढ्याजवळ सर्वाधिक असते. छपराची प्लायवूडची फळी वाशांना किती लांबीच्या खिळ्यांनी आणि किती अंतरावर ठोकली आहे, वासे भिंतीला तिरप्या खिळ्यांनी जोडले आहेत की धातूच्या पट्टीने बांधले आहेत, यावर सारे अवलंबून असते. खिडकीची काच उडत्या ढिगाऱ्याने फुटली किंवा मोटारखान्याचे रुंद दार आत दबले, की वारा घरात शिरतो आणि छपराला आतून वर ढकलू लागतो. बाहेरची ओढ आणि आतला रेटा एकत्र आले म्हणजे छप्पर जाते, आणि छप्पर गेले की भिंतीचा वरचा आधार जातो. म्हणूनच काही मर्यादेपर्यंत घर जवळजवळ शाबूत राहते आणि त्यापुढे थोडाच वेग वाढला तरी ते कोसळते. दुपाखी छपराची टोकाची त्रिकोणी भिंत वाऱ्याला सरळ सामोरी जाते. चौपाखी छप्पर चारही बाजूंनी उतरते असल्याने त्याच वाऱ्यात अधिक टिकते. आपल्याकडील जुन्या सुतारांनाही हे सांगावे लागले नसते. फ्लोरिडाच्या प्रतिमानात मात्र हा फरक संख्येत बांधला आहे. प्रत्येक प्रकारच्या घराचे खिळे, फळ्या, खिडक्या, जोड यांची ताकद यदृच्छेने कमीजास्त धरून, वेगवेगळ्या दिशांच्या आणि वेगांच्या वाऱ्यात ते घर संगणकात असंख्य वेळा 'पाडले' जाते आणि त्यातून हानिवक्र काढला जातो. अमुक वेगाला घराच्या पुनर्बांधणी खर्चाच्या अमुक टक्के हानी, असे हा वक्र सांगतो. 'हॅझस'मधील हरिकेन प्रतिमानही, ज्याची कार्यपद्धती व्हिकरी व सहकाऱ्यांनी २००६ साली प्रकाशित केली, याच घटकनिहाय विचारावर उभे आहे.

असे असले तरी या वक्रांच्या दोन्ही अक्षांकडे संशयाने पाहावे लागते. आडव्या अक्षावर वाऱ्याचा वेग असतो. 'अँड्र्यू'च्या वेळी अनेक वेगमापक यंत्रे मोडून पडली. किनाऱ्यावर आदळतानाचा त्याचा कमाल वेग प्रथम ताशी १४५ मैल धरला गेला होता. दहा वर्षांनी, २००२ साली, फेरविश्लेषणानंतर तो ताशी १६५ मैल ठरविण्यात आला आणि वादळ चौथ्या श्रेणीतून पाचव्या श्रेणीत गेले. पंचवीस हजारांहून अधिक उद्ध्वस्त घरे तीच राहिली, ती पाडणारा वारा मात्र कागदावर बदलला. कमाल वेग थोड्या पट्ट्यापुरताच असतो आणि आतील वस्त्यांवरचा वारा त्याहून कमी असतो, हे मान्य केले तरी ज्या वादळाच्या पडझडीवरून एका पिढीने आपले वक्र तपासले, त्याच्याच वेगाबाबत एवढी अनिश्चितता होती, हे नजरेआड करता येत नाही.

उभ्या अक्षावर हानीची सरासरी असते. एकाच आळीतील, एकाच नकाशावर बांधलेल्या दोन घरांपैकी एकाचे छप्पर जाते आणि दुसऱ्याच्या चार फळ्या उडतात. या दोहोंची सरासरी चाळीस टक्के आली, तरी चाळीस टक्के पडलेले घर त्या आळीत एकही नसते. विमा कंपनीकडे अशी लाखभर घरे असल्याने तिला सरासरी पुरते. घरमालकाकडे एकच घर असते. 'हॅझस'च्या बाबतीत हा दोष अधिक ठळक होतो, कारण त्यातील मूळ इमारतसंख्या जनगणनेच्या विभागांवरून घेतलेली आहे. कोणत्या घराच्या वाशांना पट्टी आहे आणि कोणत्या नाही, हे त्यास ठाऊक नसते, ते प्रमाणाने गृहीत धरले जाते. 'हॅझस' हे साधन जिल्हा किंवा राज्य पातळीवरील नियोजनासाठी आहे. एकेका इमारतीचा निवाडा त्यावरून करणे हा साधनाचा नव्हे, वापरणाऱ्याचा दोष मानला पाहिजे.

पडझडीपासून पैशापर्यंत

तिसरा टप्पा वरवर पाहता अंकगणिताचा वाटतो. पुनर्बांधणीचा खर्च ठाऊक आहे, हानीची टक्केवारी वक्रावरून मिळाली. गुणाकार केला की रक्कम येते. प्रत्यक्षात येथेच भौतिकशास्त्राची हद्द संपते आणि कराराची सुरू होते.

साधी गोष्ट मजुरीची घ्यावी. २००४ साली फ्लोरिडात 'चार्ली', 'फ्रान्सिस', 'आयव्हन' आणि 'जीन' ही चार हरिकेने एकाच मोसमात आली. एकाच वेळी लाखो छपरे दुरुस्तीला आली की छप्पर बसविणाऱ्या कारागिरांची मजुरी आणि साहित्याचे भाव चढतात. शांत काळातील दराने काढलेली हानी अशा वेळी अपुरी ठरते. प्रतिमानकार यासाठी वाढीचा गुणक लावतात. हा गुणक वाऱ्याच्या विज्ञानातून येत नाही, बाजाराच्या अंदाजातून येतो. अंतिम आकड्यात मात्र दोन्हींचे मिश्रण एकाच दशांश अचूकतेने छापले जाते.

याहून गंभीर प्रश्न वारा आणि पाणी यांचा आहे. अमेरिकेत घराचा सामान्य विमा वाऱ्याची हानी भरून देतो, पुराची नाही. पुरासाठी १९६८ पासून शासनाचा स्वतंत्र राष्ट्रीय पूरविमा कार्यक्रम आहे आणि त्यात निवासी इमारतीसाठी अडीच लाख डॉलर्सची कमाल मर्यादा आहे. निसर्गाला ही विभागणी ठाऊक नाही. २९ ऑगस्ट २००५ रोजी 'कॅट्रिना' आले तेव्हा मिसिसिपीच्या किनाऱ्यावर असंख्य घरांचा केवळ काँक्रीटचा जोता शिल्लक राहिला. समुद्राचे उधाण येण्यापूर्वी कित्येक तास वारा घराला झोडपत होता. घर वाऱ्याने पाडले की पाण्याने वाहून नेले, हे आता कशावरून ठरवावे? पुरावा पाण्याबरोबर गेलेला होता. अनेक विमापत्रांत असे कलम होते की वारा आणि पाणी या दोहोंनी मिळून हानी केली असेल तर ती भरून दिली जाणार नाही. लेनर्ड विरुद्ध नेशनवाइड या खटल्यात पाचव्या संघराज्य अपील न्यायालयाने २००७ साली हे कलम वैध ठरविले. ज्यांच्याकडे पूरविमा नव्हता त्यांच्या वाट्याला यातून काय आले असेल, हे सांगण्याची आवश्यकता नाही.

यावर असा आक्षेप घेतला जाईल की हा कायद्याचा प्रश्न आहे, प्रतिमानाचा नव्हे. प्रस्तुत लेखकास तो मान्य नाही. प्रतिमान खरे की खोटे हे शेवटी कशाशी ताडून पाहिले जाते? विमा कंपन्यांनी प्रत्यक्ष दिलेल्या दाव्यांशी. फ्लोरिडाच्या सार्वजनिक प्रतिमानाची पडताळणीही २००४ च्या वादळांतील दाव्यांच्या माहितीवर झाली आहे. जेथे घर उभे आहे आणि केवळ छपराचा प्रश्न आहे, तेथे दावा हा पडझडीचा बऱ्यापैकी विश्वासू साक्षीदार असतो. परंतु जेथे केवळ जोता उरला आणि कंपनीने वाऱ्यापोटी काहीही दिले नाही, तेथे नोंदवहीत वाऱ्याची हानी शून्य लिहिली जाते. अशा नोंदी जमेस धरून वक्र बसविला, तर तो वाऱ्याचा गुणधर्म शिकत नाही. तो विमा निरीक्षकाचा निवाडा शिकतो. अशा नोंदी वगळल्या, तर सर्वाधिक हानी झालेली घरेच वगळली जातात. दोन्ही मार्गांनी चूक एकाच दिशेची होते. 'हॅझस'मध्ये पुढे वारा व उधाण यांची हानी एकत्र काढण्याची सोय झाली आणि फ्लोरिडाच्या आयोगाने २०१७ साली पूर-प्रतिमानांसाठी स्वतंत्र निकष स्वीकारले. ही सुधारणा स्वागतार्हच आहे. तरीही पडताळणीसाठी लागणाऱ्या नोंदी वारा आणि पाणी अशा दोन वेगळ्या वह्यांतूनच येतात.

विमा नसलेल्यांचे काय, हा प्रश्न तर एका विलक्षण सोप्या रीतीने सोडविला जात असे. अमेरिकेच्या राष्ट्रीय हरिकेन केंद्राने 'कॅट्रिना'ची एकूण हानी प्रथम ठरविताना सुमारे साडेचाळीस अब्ज डॉलर्स ही विमित हानी घेतली आणि तिची दुप्पट केली. आकडा ८१ अब्ज आला. विम्याबाहेरची हानी विम्यातील हानीइतकीच असते, हा त्या केंद्राचा अनेक वर्षांचा प्रघात होता. पुढे हाच आकडा १०८ अब्ज आणि २०१८ मध्ये १२५ अब्ज करण्यात आला. वादळ एक, घरे तीच, तेरा वर्षांत एकूण हानी दीडपट! त्यात केंद्राचा अप्रामाणिकपणा नाही. विमा नसलेल्या माणसाचे नुकसान मोजण्याची यंत्रणाच अस्तित्वात नसल्याने त्याला विमा असलेल्याची सावली म्हणून मोजावे लागले, एवढाच त्याचा अर्थ आहे. आणि दुपटीचा हा नियम जेथे विमा कमी तेथे सर्वाधिक फसतो, म्हणजे गरीब वस्त्यांत.

नावालाही पैशाचे मोल असते, याचे उदाहरण 'सँडी'चे आहे. हर्बर्ट सॅफिर या स्थापत्य अभियंत्याने १९६९ मध्ये संयुक्त राष्ट्रसंघासाठी वादळप्रवण प्रदेशातील स्वस्त घरांचा अभ्यास करताना जी श्रेणी कल्पिली आणि हवामानशास्त्रज्ञ रॉबर्ट सिम्प्सन यांनी जिला पूर्णत्व दिले, ती आज केवळ वाऱ्याच्या वेगाची श्रेणी आहे. उधाणाचा उल्लेख २०१० मध्ये तिच्यातून काढण्यात आला. २९ ऑक्टोबर २०१२ रोजी न्यू जर्सीच्या किनाऱ्यावर येताना 'सँडी' शास्त्रीय व्याख्येनुसार हरिकेन राहिलेच नव्हते. त्याने केलेली हानी सुमारे ६५ अब्ज डॉलर्सची होती. विमापत्रांत 'हरिकेन' असेल तर घरमालकाने स्वतः सोसावयाची रक्कम मोठी, इतर वादळ असेल तर लहान. न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीच्या प्रशासनांनी हरिकेनची वजावट लागू होणार नाही, असे जाहीर केले. येथे व्याख्येचा लाभ सुदैवाने घरमालकांना झाला. पण एका शास्त्रीय संज्ञेवर घरमालकाच्या खिशातून जाणारी रक्कम बदलते आणि पडलेली भिंत मात्र तीच राहते, हे ज्या प्रतिमानाला 'नुकसान' या एकाच रकान्यात लिहावे लागते, त्याच्या रकान्यावर किती विश्वास ठेवावा?

प्रतिमान कोणाचे?

खाजगी प्रतिमानांच्या बाबतीत या अडचणीत गुप्ततेची भर पडते. २००६ साली रिस्क मॅनेजमेंट सोल्यूशन्स या कंपनीने दीर्घकालीन इतिहासाऐवजी पुढील पाच वर्षांचा अंदाज आधारभूत मानला आणि फ्लोरिडा व आखाती किनाऱ्यावरील अपेक्षित वार्षिक हानी सुमारे चाळीस टक्क्यांनी वाढविली. त्यामागे मोजक्या शास्त्रज्ञांचे मत होते. पुनर्विम्याचे दर त्या काळात कडाडले. सॅरासोटा हेरल्ड-ट्रिब्यून या वृत्तपत्राच्या पेज सेंट जॉन यांनी या साऱ्या व्यवहाराचा शोध घेतला आणि त्यासाठी त्यांना २०११ चे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पाच वर्षांच्या त्या काळात, म्हणजे २००६ ते २०१० मध्ये, फ्लोरिडाच्या किनाऱ्यावर एकही हरिकेन आले नाही. केवळ यावरून तो अंदाज चुकीचा ठरत नाही, कारण संभाव्यतेचा पडताळा पाच वर्षांत होत नसतो. पण हप्ते भरणाऱ्या घरमालकाला हा युक्तिवाद पटवून देणे कठीण आहे. १९९५ मध्ये फ्लोरिडाने हानी-प्रतिमानांच्या कार्यपद्धतीची छाननी करण्यासाठी स्वतंत्र आयोग नेमला आणि पुढे राज्याच्या खर्चाने सार्वजनिक प्रतिमान तयार करविले, याचे महत्त्व या पार्श्वभूमीवर लक्षात येते. वर घेतलेले सारे आक्षेप त्या प्रतिमानावर घेता आले, याचे कारणच ते उघड आहे. बंद पेटीवर आक्षेपही घेता येत नाहीत.

कोकणच्या संदर्भात

आपल्याकडील अभ्यासकांना ही तयार साधने येथील किनाऱ्यासाठी वापरण्याचा मोह होणे स्वाभाविक आहे. ३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ ताशी ११० ते १२० किलोमीटर वेगाने रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आले, तेव्हापासून ही गरजही जाणवू लागली आहे. परंतु जांभ्याच्या भिंती, लाकडी वासे-रिपा आणि त्यावर नुसती रचलेली मंगलोरी कौले अशा घराचा हानिवक्र फ्लोरिडाच्या प्लायवूडच्या छपरावरून काढता येणार नाही. कौल सुटे असल्याने ते लवकर उडते. पण ते उडाल्याने वारा बाहेर पडावयास वाट मिळते आणि वाशांचा सांगाडा पुष्कळदा वाचतो. पत्र्याचे छप्पर याच्या उलट वागते : ते उशिरा सुटते आणि सुटताना सांगाडा घेऊन जाते. या दोहोंसाठी वेगळे वक्र लागतील आणि त्यांसाठी नोंदी लागतील.

नोंदींचा विचार करता आपली स्थिती अमेरिकेपेक्षा वेगळी आहे, पण दोष त्याच जातीचा आहे. तेथे हानी विमापत्राच्या भाषेत लिहिली जाते, येथे मदतीच्या निकषांच्या भाषेत. राज्य आपत्ती प्रतिसाद निधीच्या २०१५ ते २०२० या कालावधीसाठीच्या निकषांनुसार सपाट प्रदेशातील पूर्णतः पडलेल्या घरासाठी ९५,१०० रुपये, तर अंशतः पडलेल्या पक्क्या घरासाठी ५,२०० रुपये मदत होती, आणि अंशतः हानी किमान पंधरा टक्के असणे आवश्यक होते. २०२२ पासूनच्या निकषांत या रकमा १,२०,००० आणि ६,५०० झाल्या. पंधरा टक्क्यांची अट राहिली. ही टक्केवारी पंचनामा करणारा कर्मचारी नजरेने ठरवितो. चौदा टक्के पडलेल्या घराची नोंद मदतीच्या दृष्टीने निरर्थक असल्याने ती होतच नाही किंवा पंधरावर नेली जाते. उद्या कोणी या पंचनाम्यांवरून कोकणातील घरांचा हानिवक्र काढला, तर पंधरा टक्क्यांशी त्याला एक पायरी दिसेल. ती पायरी वाऱ्याची नसेल, शासन निर्णयाची असेल. पंचनाम्याच्या नमुन्यात छपराचा प्रकार, दुपाखी की चौपाखी, कौल की पत्रा, वासे भिंतीला कशाने बांधले होते आणि पाणी घरात शिरले होते काय, एवढे चार रकाने वाढविले आणि ते मदतीची रक्कम ठरविण्यापूर्वी भरले गेले, तर या किनाऱ्यासाठी वक्र काढण्याजोगी सामग्री दोन-तीन वादळांत जमा होईल. स्थापत्य आणि भूगोल विभाग असलेल्या किनारी महाविद्यालयांना वादळानंतरच्या पहिल्या आठवड्यात, पडलेल्या फळ्या आणि कौले उचलली जाण्यापूर्वी, हे काम विद्यार्थ्यांकरवी करून घेता येण्यासारखे आहे.